सरहद्द ओलांडणारा ट्रक आणि सरहद्दीवरची भाकर

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)



'वाहतूक आणि रोजगार' ह्या विषयावर बोला, असे संयोजकांनी मला सांगितले, तेव्हा मी एस.टी.बद्दल किंवा रिक्षाचालकांबद्दल बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी मात्र आज तुम्हांला नाशिकपासून सुमारे दोन हजार किलोमीटर दूर असलेल्या एका गावी नेणार आहे. त्या गावाचे नाव पेट्रापोल. पश्चिम बंगालच्या उत्तर चोवीस परगणा जिल्ह्यात, बनगावच्या पुढे, कोलकात्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर ते आहे. फाटकापलीकडचे गाव बेनापोल, ते बांगलादेशात. भारत आणि बांगलादेश ह्यांच्यात जमिनीवरून जो व्यापार चालतो, त्याचा सर्वांत मोठा हिस्सा ह्या एका फाटकातून जातो.

तुम्ही म्हणाल, त्याच्याशी आपला काय संबंध? संबंध आहे. लासलगाव-निफाडचा कांदा आणि वरुड-मोर्शीची संत्री बंगालच्या सरहद्दीवरील नाक्यांवरूनच बांगलादेशात जात आली आहेत. माझा एक जुना विद्यार्थी पिंपळगाव बसवंतला एका कांदा व्यापाऱ्याकडे हिशेबनीस आहे. काही वर्षांपूर्वी त्याने मला एका खेपेचा हिशेब आणून दाखविला. बनगावपर्यंतचा प्रवास पाच दिवसांचा; बनगावला नुसते उभे राहणे बारा दिवसांचे. भाडे, डिझेल, टोल, हमाली ह्यांच्या खाली 'खोटी' म्हणून एक रकाना होता आणि त्यातला आकडा हमालीच्या कितीतरी पट होता. कांद्याला पाणी सुटले ते वेगळेच. त्याने मला विचारले, "सर, ह्या खोटीचे पैसे जातात तरी कुणाला?"

मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. पण इतका नेमका प्रश्न मला वर्गात क्वचितच कोणी विचारला असेल. आजचे माझे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. त्या प्रश्नाला मी आणखी एक प्रश्न जोडणार आहे. उद्या ही खोटी थांबली, तर वाचलेले पैसे कुणाला जातील?

प्रथम परवाना म्हणजे काय ते पाहू. रस्ता सर्वांच्या पैशाने बांधला जातो. त्या रस्त्यावर मिळकत करण्याचा हक्क कोणाला, किती जणांना आणि कोणत्या अटींवर, हे ठरविणारा कागद म्हणजे वाहतुकीचा परवाना. तो वरकरणी गाडीचा असतो. वस्तुतः तो उत्पन्नाच्या वाटपाचा कागद असतो. आपल्या देशातही राज्याची हद्द ओलांडणे एके काळी आजच्याइतके सोपे नव्हते. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याखाली एका राज्याचा ट्रक दुसऱ्या राज्यात न्यायचा, तर तेथील प्राधिकरणाची प्रतिस्वाक्षरी लागे आणि किती ट्रकांना ती द्यावयाची, हे राज्याराज्यांतील करारांनी ठरे. १९७५ मध्ये राष्ट्रीय परवान्याची योजना आली. १९८८ च्या कायद्याने मालमोटारींच्या परवान्यांच्या संख्येवरील बंधन गेले. २०१० मध्ये सर्व राज्यांसाठी एकच एकत्रित शुल्क झाले, आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर राज्यांच्या सीमांवरील विक्रीकराचे तपासणी नाके व मुंबईची जकात हीही उठली.

ह्या प्रत्येक पायरीवर देशाचा लाभ झाला, हे मान्य केले पाहिजे. नाक्यावरची लाचलुचपत हा काही श्रमिकांचा हक्क नव्हता. परंतु नाक्याच्या आधाराने जगणारा चहावाला, पंक्चर काढणारा, खानावळीत भांडी घासणारी बाई, माल उतरवून पुन्हा चढविणारा हमाल, ह्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपणही फारसा विचारला नाही. सुधारणा झाली, ती कोणाच्या खर्चाने झाली, हे न विचारण्याची आपल्याला सवय लागली आहे. पेट्रापोलच्या बाबतीत तरी ती सवय मोडावी, असे मला वाटते.

आता त्या फाटकाचा व्यवहार पाहा. भारतीय ट्रकाला बांगलादेशात जाता येते ते बेनापोलच्या बंदराच्या आवारापर्यंतच. तिथे माल उतरतो, वखारीत जातो किंवा बांगलादेशी ट्रकात चढतो, आणि आपला ट्रक रिकामा परत येतो. उलट दिशेने बांगलादेशी ट्रकाचेही तेच. शिवाय महाराष्ट्र, आंध्र, पंजाब अशा लांबच्या प्रांतांतून आलेला ट्रक पुष्कळदा फाटकापर्यंतही जात नाही. तो बनगावच्या आसपासच मोकळा होतो, माल स्थानिक ट्रकात भरला जातो आणि तो ट्रक शेवटचे काही किलोमीटर तेवढे जातो. म्हणजे जो माल एकदा चढवून एकदा उतरविता आला असता, तो दोन-तीनदा चढतो आणि दोन-तीनदा उतरतो.

ह्या चढउतारीवर एक संपूर्ण अर्थव्यवस्था उभी आहे. एक-दोन ट्रकांचे स्थानिक मालक, त्यांचे चालक आणि क्लीनर, दोन्ही बाजूंचे हमाल, कस्टम्सची कागदपत्रे करणारे दलाल आणि त्यांचे कारकून, वाहनतळ चालविणारे, गॅरेजवाले, खानावळवाले. फाळणीने ज्यांना उखडले अशा निर्वासितांच्या वस्त्यांचा हा टापू. जमीन थोडी, खाणारी तोंडे फार, कारखानदारी जवळजवळ नाही. १९७१ मध्ये ज्या जेसोर रोडने लक्षावधी निर्वासित इकडे आले, त्याच रस्त्याच्या कडेला, जुन्या शिरीष वृक्षांखाली, पुढे ट्रकांच्या रांगा लागू लागल्या आणि त्या रांगांवर लोकांची चूल पेटू लागली.

तेव्हा खोटीचे पैसे कुणाला जातात, ह्याचे पहिले उत्तर असे, की त्यांतला काही भाग ह्या गरिबांना जातो. पण तो अल्प भाग आहे. मोठा वाटा वाहनतळाच्या भाड्यात, रांगेतील क्रमांक पुढे सरकविणाऱ्या मध्यस्थांच्या खिशात आणि नासलेल्या मालात जातो. सर्वांत अधिक किंमत मोजतो तो लांबून आलेला चालक. बारा दिवस तो केबिनमध्ये झोपतो, चाकाशेजारी स्टोव्ह पेटवितो, आणि खेपेवर मजुरी असल्यामुळे ह्या बारा दिवसांचे त्याला काहीही मिळत नाही. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ साली झाला. दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस, ही मर्यादा त्यात होती. परंतु तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांना. एका ट्रकाच्या मालकाचा चालक त्याच्या बाहेरच राहत असे.

२०२२ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने 'सुविधा' नावाची, आधी वेळ नोंदवून फाटकाशी येण्याची पद्धत आणली आणि उभे राहणे पुष्कळ कमी झाले. चालकाची सुटका झाली, ही आनंदाची गोष्ट. तळाच्या आसपास ज्यांचा धंदा होता त्यांचे गिऱ्हाईक त्याच मापाने घटले, हेही ओघानेच आले. त्यांच्यासाठी मात्र कोणती 'सुविधा' निघाली नाही.

ह्यापुढचे पाऊल याहून मोठे आहे. २०१४ च्या नोव्हेंबरात काठमांडूच्या सार्क परिषदेत सर्व सदस्य देशांचा मोटार वाहन करार पाकिस्तानच्या नकारामुळे अडला. तेव्हा बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ ह्या चौघांनी १५ जून २०१५ रोजी थिंफू येथे स्वतंत्र करार केला. त्याचे तत्त्व सोपे आहे. परवानाधारक वाहनाने ठरलेल्या मार्गावरून सरहद्द ओलांडून थेट मुक्कामापर्यंत जावे, मध्ये माल उतरवू नये. परक्या देशात गेल्यावर तेथला स्थानिक माल तेथल्याच दोन गावांमध्ये वाहू नये, एवढी एक मनाई त्यात आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात कोलकात्याहून ढाक्यामार्गे आगरतळ्याला चाचणीचा ट्रक गेला. सिलिगुडीच्या वळशाच्या तुलनेने हजाराहून अधिक किलोमीटर वाचले. २०२२ च्या जूनमध्ये पद्मा नदीवरील पूल खुला झाल्यावर तर तो रस्ता आणखीच सुकर झाला. तरीही करार होऊन दहा वर्षे उलटली, नियमित मालवाहतूक मात्र सुरू झालेली नाही.

का झाली नाही? कारणे अनेक आहेत; पण एक कारण आपण मन लावून ऐकले पाहिजे, आणि ते भूतानचे आहे. भूतानच्या राष्ट्रीय सभेने, म्हणजे कनिष्ठ सभागृहाने, करार संमत केला. वरिष्ठ सभागृहाने २०१६ च्या नोव्हेंबरात तो नाकारला. २०१७ च्या एप्रिलमध्ये भूतानने इतर तिघांना आपल्याविना पुढे जाण्यास सांगितले. डोंगरातील रस्ते आणि पर्यावरण ही त्यांची चिंता होतीच. त्याबरोबर आणखी एक चिंता होती. आमचे ट्रकवाले आणि टॅक्सीवाले थोडे, तुमचे अगणित. तुमच्या गाड्या सरळ आत आल्या तर आमच्यांच्या पोटाचे काय? ज्या देशाची लोकसंख्या आपल्या एखाद्या मध्यम शहराइतकी, त्याच्या संसदेत हा प्रश्न विचारला गेला. आपल्या संसदेत तो बनगावच्या बाजूने तितक्या ठामपणे विचारला गेला असता, तर मला अधिक अभिमान वाटला असता.

ह्या बाबतीत दोन भूमिका नेहमी मांडल्या जातात. दोन्ही मला अपुऱ्या वाटतात.

पहिली भूमिका माझ्याच व्यवसायबंधूंची. जागतिक बँकेने २०२१ मध्ये एक अहवाल काढला. पेट्रापोल-बेनापोल ओलांडायला मालाला कित्येक दिवस लागतात, तर तेवढीच वर्दळ असलेल्या पूर्व आफ्रिकेतील सरहद्दींवर सहा तासही लागत नाहीत, असे त्यात दाखविले आहे. वाहतूक सलग झाली तर बांगलादेशाचे राष्ट्रीय उत्पन्न १७ टक्क्यांपर्यंत आणि भारताचे ८ टक्क्यांपर्यंत वाढू शकेल, असा त्याचा अंदाज आहे. ह्या आकड्यांशी माझे भांडण नाही. पण राष्ट्रीय उत्पन्न ही सरासरीची भाषा आहे. बेनापोलच्या हमालाचे शंभर टक्के उत्पन्न गेले आणि ढाक्याच्या आयातदाराचे वाढले, तरी सरासरी वरच जाते. नुकसान सोसणाऱ्याला भरपाई देता येईल इतका एकूण लाभ आहे, असे आम्ही अर्थशास्त्रज्ञ म्हणतो आणि तेथेच थांबतो. भरपाई देता येईल हे सिद्ध करणे आणि ती प्रत्यक्ष देणे ह्यांत जे अंतर आहे, ते ओलांडण्याचे काम राजकारणाचे आहे. म्हणजेच तुमचे-आमचे आहे.

दुसरी भूमिका आपल्या चळवळीतील काहींची. फाटक आहे तसे राहू द्या, थेट ट्रक येऊ देऊ नका, हमालाचे काम टिकवा. ह्या भूमिकेमागची तळमळ मला समजते. पण ती हमालाला अखेरीस वाचवीत नाही. २०२० चे उदाहरण घ्या. टाळेबंदीत बंद पडलेला व्यापार एप्रिलअखेर पेट्रापोलला सुरू झाला, तो साथीच्या भीतीने स्थानिक लोकांच्या विरोधामुळे काही दिवसांतच थांबला. जूनमध्ये पुन्हा सुरू झाला, तर आमचा माल तुम्ही घेत नाही म्हणून जुलैच्या आरंभी बांगलादेशी निर्यातदारांनी तो अडविला. लोकांची भीती खरी होती आणि निर्यातदारांची तक्रारही खोटी नव्हती. पण ह्याच काळात काय झाले? लासलगावहून कांद्याच्या मालगाड्या बांगलादेशातील दर्शना स्थानकाकडे गेल्या. गुंटूरची सुकी मिरची पार्सल गाडीने बेनापोलला पोहोचली. माल वाट बदलतो. हमालाला गाव बदलता येत नाही. केवळ अडथळ्यावर उभी असलेली उपजीविका कधीही सुरक्षित नसते, कारण अडथळा काढणे किंवा घालणे तिच्या हाती नसते.

ही गोष्ट अगदी अलीकडेही सिद्ध झाली. २०२५ च्या एप्रिलमध्ये बांगलादेशाने भारतीय सुताची आयात जमिनीवरील बंदरांतून बंद केली. १७ मे २०२५ रोजी भारत सरकारने बांगलादेशी तयार कपड्यांना जमिनीवरील बंदरे बंद केली आणि ते केवळ न्हावा शेवा व कोलकाता ह्या सागरी बंदरांतून येतील असा आदेश काढला. आदेश एका दिवसात लागू झाला. राजकीय कारणे काय होती, त्यांत मी जात नाही. पण पेट्रापोलच्या आवारात कपड्यांच्या गाठी उतरविणाऱ्या माणसाचे काम तेवढ्यापुरते आमच्या उरणच्या धक्क्यावर आले, आणि ह्याची सूचना त्याला कोणी दिली नाही. अटारीला हेच आधी घडले होते. २०१२ मध्ये तेथे मोठ्या थाटात एकात्मिक तपासणी नाका उघडला. अमृतसरच्या खेड्यांतील तरुणांनी कर्जे काढून ट्रक घेतले. २०१९ च्या फेब्रुवारीत पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क बसले, ऑगस्टमध्ये पाकिस्तानने व्यापारच थांबविला. ट्रक उभे राहिले, हप्ते मात्र उभे राहिले नाहीत. राष्ट्राच्या निर्णयाची किंमत राष्ट्राने द्यावयाची असते. येथे ती सरहद्दीवरच्या काही हजार कुटुंबांनी दिली.

आता परवान्याकडे परत येऊ. थेट वाहतूक एक ना एक दिवस सुरू होईल, असे मी धरून चालतो. तिचे परवाने कोणाला मिळतील? दोन्ही देशांत चालणारा विमा, मार्गावर नजर ठेवणारे यंत्र, कुलूपबंद मालपेटी, शुल्काची हमी, चालकाचा पारपत्र-व्हिसा, ही सारी पूर्तता कोण करू शकेल? पन्नास-शंभर ट्रकांची कंपनी करील. आपल्या देशात बहुसंख्य ट्रक एक ते पाच गाड्यांच्या छोट्या मालकांचे आहेत आणि त्यांतले कित्येक कर्जाच्या हप्त्यांवर चालतात. त्यांना हे झेपणार नाही. म्हणजे कायद्यात 'छोट्यांना बंदी' असा शब्दही न लिहिता, केवळ अटींच्या जोरावर, तो सारा धंदा मोठ्यांकडे जाईल. आणि वाचलेल्या खोटीचे पैसे? ते कांदा उत्पादकाला अधिक भाव म्हणून मिळतील किंवा ढाक्याच्या गृहिणीला कांदा स्वस्त मिळेल, ह्याची कोणतीही हमी नाही. वाहतूक मूठभरांच्या हाती गेली, की ते पैसे त्यांच्याच नफ्यात जमा होतील.

'म्हणजे तुम्ही परवाना-राज परत आणता!' असे कोणी म्हणेल. मी त्यांना युरोपकडे पाहण्यास सांगेन. मुक्त बाजाराचे ते माहेरघर. तेथे एका देशाचा परवानाधारक ट्रक माल घेऊन दुसऱ्या देशात गेल्यावर तेथला स्थानिक माल वाहू शकतो. पण सात दिवसांत तीन खेपांपर्यंतच. २०२० मध्ये त्यांनी आणखी नियम केले. त्या तीन खेपांनंतर चार दिवस त्या देशात तसे काम करावयाचे नाही, आणि चालकाला तीन-चार आठवड्यांनी घरी जाण्याची सोय मालकाने करावयाची. गाडीही आठ आठवड्यांनी स्वदेशी परत यावी हा नियम त्यांच्या न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केला; पण चालकाच्या घरी जाण्याचा हक्क टिकला. पूर्वेकडच्या स्वस्त मजुरीने पश्चिमेकडील चालकाचे वेतन पाडू नये आणि पूर्वेकडच्या चालकाने महिनोन्महिने केबिनमध्ये राहू नये, असा दुहेरी विचार त्यामागे आहे. परवान्याला सामाजिक अट घालणे म्हणजे मागासलेपण नव्हे, एवढे ह्यावरून दिसते.

पण उदाहरणासाठी युरोपला जाण्याचीही गरज नाही. ते आपल्या घरात आहे. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या बाजारपेठांत संघटित केलेले माथाडी आणि डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील पुण्याची हमाल पंचायत, ह्यांच्या लढ्यांची पार्श्वभूमी त्याला आहे. ज्याला कायमचा मालक नाही अशा कामगारालाही भविष्यनिर्वाह निधी, रजा, उपदान मिळू शकते, हे ह्या कायद्याने दाखविले. युक्ती साधी होती. कामगारांची नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, आणि मजुरीवर मालकांकडून ठराविक लेव्ही. मंडळांत पुढे दोष शिरले, संघटनेच्या नावाने खंडणी वसूल करणारेही निघाले, हे आपण लपवू नये. पण दोष दूर करता येतात. आधी तत्त्व उभे असावे लागते.

म्हणून माझी मागणी अशी आहे. थेट वाहतुकीचे परवाने देण्यापूर्वी पेट्रापोलसारख्या प्रत्येक नाक्यावर हमाल, चालक, कारकून ह्यांची नोंद करावी आणि माथाडी मंडळाच्या धर्तीवर त्रिपक्षीय मंडळ स्थापावे. परवान्यांचा ठराविक हिस्सा पाच ट्रकांपर्यंतच्या मालकांना आणि सरहद्दीवरील जिल्ह्यांतील त्यांच्या सहकारी संस्थांना राखून ठेवावा. विम्याची व हमीची पूर्तता संस्थेने एकत्रितपणे करावी. प्रत्येक परवान्याच्या शुल्कातून एक भाग सरहद्दीच्या उपजीविका निधीत जावा. वाचलेल्या खोटीतून तो सहज निघेल. रांगेत उभे राहणे हेही काम आहे असे मानून चालकाला त्याची मजुरी मिळावी, मग तो एका ट्रकाच्या मालकाकडे असो वा शंभर. आणि सरकार जेव्हा आपल्या आदेशाने फाटक बंद करील, तेव्हा त्या निधीतून आणि सरकारी तिजोरीतून भरपाई मिळावी. ती दया म्हणून नव्हे, हक्क म्हणून.

ह्या मागण्या पेट्रापोलइतक्याच बेनापोलच्याही आहेत. बेनापोलचा हमाल बंगालीच बोलतो, गाठी तशाच पाठीवर घेतो आणि त्याचीही रोजी त्याच फाटकावर अवलंबून आहे. दोन सरकारे एकमेकांवर रुसली म्हणून ह्या दोन माणसांनी एकमेकांचे शत्रू व्हावे, ह्यात कोणाचे हित आहे, हे तुम्हांला मी सांगावयास नको.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी तेव्हा अर्धवटच उत्तर दिले होते. आता पुन्हा भेटला तर म्हणेन, खोटीचे पैसे कुणाला जातात हे तू विचारलेस, ते बरे केलेस. पण हिशेबाच्या वहीतला तो रकाना ज्या दिवशी कोरा होईल, त्या दिवशी तो आकडा दुसऱ्या कोणत्या रकान्यात गेला, हेही शोधून ठेव. आपल्या कार्यकर्त्यांनीही पिंपळगाव-लासलगावच्या हिशेबनिसांशी, ट्रकचालकांशी बसून असे हिशेब गोळा करावेत. परवान्याचे नियम दिल्लीत लिहिले जातील, तेव्हा आपल्या हाती घोषणेबरोबर ही वहीही असली पाहिजे.